नाव विचारणाऱ्या सभापतीबाई

सभापतीबाईंना टक्केवारी ऐकू येत नसे. तसे कान तिखट होते त्यांचे. दालनाच्या पार टोकाला कुणी शेजाऱ्याशी कुजबुजलं तरी त्यांची मान वळायची. पण अहवाल वाचणारे साहेब उपस्थितीचे टक्के, वाचनाचे टक्के, लसीकरणाचे टक्के असं एकामागून एक वाचू लागले की बाई चष्मा काढून पदराने पुसत बसायच्या. वाचन संपलं की चष्मा डोळ्यांवर चढायचा आणि प्रश्न यायचा, “हे झालं. आता यात जी मुलं बसली नाहीत, त्यांतल्या एकाचं नाव सांगा.”

हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला तेव्हा मी त्याच दालनात होते. मी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. अक्षर बरं, म्हणून समितीच्या बैठकीचं इतिवृत्त लिहायला मला बोलावून घेत. महिला व बालकल्याण समितीची ती नव्या सभापतींची पहिलीच बैठक. शिक्षण विभागाचे साहेब आकडे वाचून पाण्याचा घोट घेत होते, आणि बाई आता ‘छान, छान’ म्हणून बैठक संपवतील या हिशेबाने शिपायाने समोसेही आणून ठेवले होते. प्रश्न आला आणि साहेबांचा घोट तोंडातच राहिला.

“नाव म्हणजे मॅडम... माहिती एकत्रित असते.”

“असू दे ना एकत्रित. त्यातलं एक काढा.”

साहेबांनी उजवीकडे पाहिलं. उजवीकडच्यांनी फायलीत पाहिलं. नाव कुणालाच येईना. बाई रागावल्या नाहीत. “पुढच्या वेळी सांगा,” म्हणाल्या आणि समोशाची बशी पुढे सरकवली. “घ्या, गार होतील.”

थोड्याच दिवसांत ही गोष्ट सगळ्या शाळांत पसरली. ‘नावसांगा बाई’ असं त्यांचं टोपणनाव पडलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या खूश झाल्या. “पूर्वी मला दवाखान्यात इंजेक्शनबाई म्हणायचे. त्यापेक्षा हे बरंय की गं.”

दवाखाना म्हणजे सरकारी रुग्णालयाचा लहान मुलांचा वॉर्ड. तिथे त्या सिस्टर होत्या, निवृत्तही तिथूनच झाल्या. राजकारणात यायचं त्यांच्या मनातही नव्हतं. सोडतीत त्यांचा प्रभाग महिलांसाठी राखीव निघाला आणि दुसऱ्या दिवशी पक्षाची माणसं घरी आली, ती नानांकडे. नाना म्हणजे बाईंचे यजमान, अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. “नाना, वहिनींना उभं करा. नाव त्यांचं, काम आपण बघू,” असं ती माणसं म्हणाली. नाना म्हणाले, “ती आत भाजी चिरतेय. तिला विचारा. पण ‘काम आपण बघू’ हे तिच्यासमोर म्हणू नका, तिच्या हातात विळी आहे.” हा किस्सा नाना स्वतः कधी सांगत नसत. बाईच सांगायच्या, आणि दर वेळी सांगताना हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

निवडून आल्यावरही कितीतरी दिवस लोक नानांकडेच यायचे. नगरसेविकेचा नवरा म्हणजेच खरा नगरसेवक, ही आपल्याकडची समजूत. नाना पाटावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि सांगायचे, “मॅडम घरी नाहीत. वांगणीला गेल्यात, नाहीतर खरवईच्या अंगणवाडीत असतील. मला फक्त चहा येतो.” बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ही दोघं, आणि समोर कायम कुणीतरी अडलेलं माणूस. त्या घरातली ही मांडणी मी इतक्या वेळा पाहिली आहे की आजही डोळे मिटले की दिसते.

शाळेत आल्या की बाई मुख्याध्यापकांच्या खोलीत जायच्याच नाहीत. त्या थेट वर्गात शिरायच्या आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायच्या. अंगाने त्या चांगल्याच भरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला जाड पट्ट्याची पर्स, आणि बाक तिसरी-चौथीच्या मुलांचं. त्या बसल्या की बाक करकरायचं आणि अख्खा वर्ग मागे वळून खिदळायचा. “हसा, हसा. मोडलं तर तुमच्या सरांच्या पगारातून कापू,” असं म्हणून त्या शेजारच्या मुलाला सरकवायच्या. “शाळा बघायची तर मागून बघावी, मास्तरीणबाई,” असं मला सांगायच्या. मला त्या मास्तरीणबाईच म्हणायच्या, अगदी साहेबांसमोरसुद्धा. “पुढून दिसते ती स्नेहसंमेलनातली शाळा.”

मागच्या बाकावर बसल्या की त्यांचे हात नर्सचे व्हायचे. शेजारच्या पोराची खालची पापणी हळूच ओढून बघायची, नखं बघायची, मानेवर हात फिरवून गजकर्ण आहे का ते चाचपायचं. पोरांना त्याचं काही वाटत नसे, गोंजारल्यासारखंच वाटायचं. मग मधल्या सुट्टीत खिचडी. त्यांच्या पर्समध्ये एक स्टीलचा चमचा कायम असे. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बायकांशी गप्पा मारत त्या मुलांच्या पंगतीत बसून जेवायच्या आणि बरोबर आलेल्या साहेबांनाही बसवायच्या. “साहेब, डायबेटिस आहे म्हणालात ना? मग उपाशी राहू नका. बसा.” एकदा साहेबांच्या खिचडीत खडा निघाला. बाईंना त्याचा झालेला आनंद लपवता येत नव्हता. पुढच्या आठवड्यापासून तांदूळ निवडून यायला लागले.

एका शाळेत आम्ही गेलो तेव्हा स्वागताची जय्यत तयारी होती. भिंतींना नवा रंग, मुलींच्या हातात फुलं, पेटीवर स्वागतगीत. बाईंनी गीत पूर्ण ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि एका मुलीच्या कानाशी वाकून विचारलं, “बाळा, बाथरूम कुठंय गं?” मुलीने बोट दाखवलं. दाराला कुलूप होतं. मुख्याध्यापक म्हणाले, चावी शिपायाकडे आहे. शिपाई म्हणाला, चावी सगळ्यांत जुन्या शिक्षिकेकडे, मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई म्हणाल्या, ते पाहुण्यांसाठी स्वच्छ ठेवलंय, मुली घाण करतात. “मग मुली कुठे जातात?” ज्या मुलीला विचारलं होतं तीच म्हणाली, “आम्ही पाणीच पीत नाही.” बाईंनी शिपायाला दगड आणायला लावला आणि सगळ्यांच्या देखत कुलूप तोडून घेतलं. आम्ही रिक्षाने परत निघालो. चिखलोलीच्या नव्या इमारती मागे पडल्यावर एवढंच म्हणाल्या, “गाणं मात्र चांगलं बसवलं होतं हो.”

आता निकिताची गोष्ट. बाईंची ओळख खरं तर या एकाच गोष्टीतून करून दिली असती तरी चाललं असतं.

निकिता आमच्याच शाळेत सहावीला होती. आमच्या हद्दीत एका संस्थेचं मुलींचं बालगृह आहे, तिथल्या मुली आमच्याकडे येतात. निकिता रोज यायची. गणवेश धुतलेला, वेणी घट्ट, गृहपाठ पूर्ण. वाचायला सांगितलं तर अडखळत नसे. अहवालात तिच्या नावापुढे काही दोष काढायला जागाच नव्हती. फक्त ती आपणहून एक शब्द बोलत नसे. मी तिची वर्गशिक्षिका. मला वाटलं, शांत स्वभावाची आहे. बालगृहातल्या ताईंनाही तसंच वाटलं. वर्गात इतका गोंधळ घालणारी पोरं असताना गप्प मुलीची तक्रार कोण करणार?

त्या दिवशी बाई नेहमीसारख्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या, ते निकिताचंच बाक होतं. तास संपला, खिचडी झाली. त्या दिवशी मुलांना केळी वाटली होती. सगळ्यांनी जागेवरच खाल्ली. निकिताने मात्र आपलं केळं रुमालात गुंडाळून दप्तरात ठेवलं. बाईंनी ते पाहिलं आणि लगेच विचारलं नाही. आपलं केळं सोललं, अर्धं मोडून तिच्या हातात दिलं. मग म्हणाल्या, “ते कुणासाठी ठेवलंस?”

“यशसाठी.”

“यश कोण?”

“भाऊ.”

“तो कुठल्या वर्गात आहे?”

निकिताने मान हलवली. तो या शाळेत नव्हता. तो मुलांच्या बालगृहात होता, उल्हासनगरच्या बाजूला. आई आजारपणात गेली, बाप कधीचाच निघून गेलेला. मुलगी मुलींच्या संस्थेत आणि मुलगा मुलांच्या. ताटातूट झाली त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. निकिता दर वेळी केळं ठेवायची. ते दप्तरात काळं पडायचं. मग ती ते बालगृहाच्या मागच्या झाडाखाली टाकून द्यायची.

हे सगळं तिने एका दमात नाही सांगितलं. बाई पुढचे काही दिवस रोज येऊन त्या बाकावर बसत राहिल्या, तेव्हा तुकड्यातुकड्यांनी बाहेर आलं. मी फळ्यापाशी उभी राहून शिकवत होते आणि मागून येणारी ती बारीक कुजबूज ऐकत होते. वर्षभरात मी त्या मुलीचा आवाज इतका ऐकला नव्हता.

पुढच्या बैठकीत बाईंनी विषय काढला. साहेब सज्जन होते, पण नियमाचे पक्के. “मॅडम, बालगृहं आपल्या अखत्यारीत येत नाहीत. तो जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचा विषय. आपलं काम शाळेपुरतं. आणि शाळेत तर तिची प्रगती उत्तम आहे.”

“ती दप्तरात केळं कुजवत बसते, ही प्रगती कुठल्या रकान्यात लिहिता तुम्ही?” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणला. “साहेब, तुमचं चुकत नाहीये. तुम्ही मला फक्त त्यांचं ऑफिस कुठे आहे ते सांगा.”

एक मोठे पुढारी त्याच संध्याकाळी घरी येऊन बसले. नाना चहा ठेवत होते, मी सहीसाठी कागद घेऊन गेले होते. पुढारी समजुतीच्या सुरात म्हणाले, “ताई, गटाराची कामं पडलीत, रस्ता पडलाय. त्या संस्थेची पोरं कुठे तुमच्या प्रभागातली? टेन्शन कशाला घेताय खाली-पीली? त्यांना ना मत, ना कुणी मतवालं.”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या. “ज्यांना मत आहे त्यांच्यासाठी तुम्ही सगळे आहातच की.”

पुढारी चहा न घेता गेले. नानांनी तो कप मला दिला.

बाल कल्याण समितीपुढे मी बाईंबरोबर गेले. बाहेरच्या बाकावर बरीच माणसं बसली होती, कुणाची पोरगी हरवलेली, कुणाला मूल दत्तक हवं. आम्हाला आत बोलावलं तेव्हा अध्यक्षा म्हणून एक प्रौढ, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “आपण सभापती म्हणून आलात, की नातेवाईक म्हणून?”

“दोन्ही नाही,” बाई म्हणाल्या. “मी तिच्या बाकावर बसले होते, म्हणून आले.”

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. मग दोघी बराच वेळ बोलल्या. त्यात भांडण नव्हतं. दोघींनाही माहीत होतं की दोष कुणा एकाचा नाही. मुलांच्या आणि मुलींच्या संस्था वेगळ्या, माणसं अपुरी, आणि भावंडांची भेट घडवायची तर कुणीतरी हात धरून नेणारं लागतं. अध्यक्षांनी दर रविवारी भेटीची परवानगी दिली आणि विचारलं, “पण नेणार कोण?” बाई माझ्याकडे बघायच्या आत मी हात वर केला होता.

पहिली भेट वाईट झाली. यश दुसरीतला, काटकुळा, मोठ्या कानांचा मुलगा. निकिता केळ्यांची फणीच घेऊन आली होती, बाईंनी घेऊन दिलेली. तिला पाहून तो धावत येईल असं आम्हाला वाटलं होतं. तो खांबाच्या मागे जाऊन उभा राहिला आणि तोंड वळवलं. निकिता जवळ गेली तर त्याने तिला ढकललं. तिच्या हातातून केळी पडली. “तू मला सोडून गेलीस,” तो ओरडला. निकिता तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा बघवेना. मी पुढे होणार, तोच बाईंनी माझा हात धरला. “थांब. त्याला रागावू दे. रागवायला त्याला दुसरं माणूस कोण आहे?” आणि त्या खाली फरशीवर बसल्या, पडलेली केळी गोळा करायला लागल्या. गुडघे दुखत होते, कण्हत होत्या, पण उठल्या नाहीत. हळूहळू निकिताही खाली बसली. मग खांबामागून यश आला आणि लांबूनच म्हणाला, “ते एक तिकडे राहिलंय.”

पुढच्या रविवारी तो फाटकात उभा होता.

मुलांच्या आईबद्दल यशकडूनच एक गोष्ट कळली. आई पापड लाटायला जायची, उल्हासनगरात, ‘दादी’कडे. आम्ही शोधत गेलो. सिंधी लोकांत मोठ्या बहिणीला दादी म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. दादी साठीच्या आसपासच्या, एकट्या. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. गच्चीवर दोऱ्या बांधून पापड वाळत घातलेले, खाली दोन खोल्या. मुलांचं नाव काढलं आणि त्या मटकन खाली बसल्या. आई गेल्यावर मुलं काही दिवस त्यांच्याकडेच होती. मग कुणीतरी समितीला कळवलं, मुलांना न्यायला गाडी आली. “मैं बोली, मेरे पास रहने दो. वो बोले, आप कौन लगती हो? मैं क्या बोलूँ, बाई? मैं कुछ नहीं लगती.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्या आलं नाही. त्यांनी सिस्टरचा चेहरा केला आणि दादींना उलटसुलट प्रश्न विचारायला सुरुवात केली. “आज दया येतेय तुम्हाला. उद्या पोरगी मोठी होईल, उलटून बोलेल, तेव्हा?”

“मेरी अपनी भी उलटा बोलती थी,” दादी म्हणाल्या. “अभी फोन पे बोलती है.”

“मुलगा तापाने फणफणला तर?”

“उसकी माँ का आखरी बुखार किसने देखा?”

बाई उठून गच्चीवर गेल्या, कठडा हलवून पाहिला. तो ढिला होता. “हा बांधून घ्या आधी,” म्हणाल्या. दादींना ते समजलं. त्यांनी बाईंचे दोन्ही हात धरले.

नात्यातली नसलेली बाईसुद्धा मुलांना सांभाळू शकते, त्यासाठी सरकारची बाल संगोपनाची योजना आहे. पण घराची चौकशी, पोलिसांचा दाखला, दादींची तब्येत तपासणी, मुलांशी वेगवेगळं बोलणं, सगळं रीतसर व्हावं लागतं. बाईंनी कुठेही वशिला लावला नाही. मी एकदा सुचवलं, वर कुणाला फोन करूया का. तर म्हणाल्या, “नको. चौकशी नीट होऊ दे. आपणच घाई केली आणि उद्या काही बरंवाईट झालं तर? मुलं आहेत ती.” मध्यंतरी मुलींच्या बालगृहाच्या अधीक्षिका दुखावल्या होत्या, आमच्यावर ठपका येतोय असं त्यांना वाटलं. बाई स्वतः त्यांच्याकडे गेल्या. “तुम्ही पोरीची वेणी रोज घालता, मी बघितलंय,” एवढंच म्हणाल्या. पुढे त्याच अधीक्षिकांनी समितीपुढे निकिताच्या बाजूने सांगितलं.

या सगळ्यात पावसाळा गेला, दिवाळी गेली. पण निकिता बदलली होती. रविवारच्या भेटी सुरू झाल्यापासून ती बोलायला लागली आणि बोलायला लागली ती थांबेचना. गणिताच्या सरांनी शेवटी मुख्याध्यापकांकडे तक्रार केली, ही मुलगी वर्गात सतत बडबड करते, शेजारणीलाही बोलायला लावते. मुख्याध्यापकांनी घाबरत घाबरत ती बाईंच्या कानावर घातली, कारण मुलगी बाईंची. बाईंनी सरांना बोलावून घेतलं. सर बिचारे घामाघूम. “काय काय बोलते हो? जरा सविस्तर सांगा ना,” बाई म्हणाल्या. सर सांगत गेले आणि बाई गालावर हात ठेवून, एखादं आवडतं गाणं ऐकावं तसं ऐकत राहिल्या.

आदेश आला त्या दिवशी दादी दोन्ही मुलांना न्यायला आल्या. निकिताचा दाखला आमच्या शाळेतून काढावा लागणार होता. आता ती उल्हासनगरच्या शाळेत जाणार होती, भावाबरोबर. जाताना निकिता बाईंना बिलगली आणि म्हणाली, “तुम्ही तिकडच्या शाळेत येऊन बसाल?” बाई म्हणाल्या, “ती माझ्या हद्दीत येत नाही गं.” साहेब शेजारीच उभे होते. ते मोठ्याने हसले. बाई त्यांच्याकडे बघून आधी हसल्या आणि मग पाठ फिरवून चष्मा पुसायला लागल्या.

मुलं दादींकडेच वाढली. यश शाळेत फुटबॉल खेळतो. निकिता आता कॉलेजात आहे, दादींशी उलटून बोलते, आणि दादी त्याची तक्रार मला फोनवर करतात.

नंतर नगरपालिकेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, समित्या बरखास्त झाल्या. सभापतींच्या दालनाला कुलूप लागलं. आम्ही मात्र बाईंना सभापतीबाईच म्हणत राहिलो, आणि बाईही शाळांत जातच राहिल्या. बहुतेक ठिकाणी कुणी अडवलं नाही. एका शाळेत नवे मुख्याध्यापक आले होते. त्यांनी फाटकातच विचारलं, “आपण कुठल्या अधिकारात आलात?” माणूस वाईट नव्हता. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले होते, कुणालाही आत सोडणं त्याला शक्य नव्हतं. बाईंना ते पटलंही. “बरोबर आहे तुमचं. मलाही मीच अडवलं असतं,” त्या म्हणाल्या आणि परत फिरल्या. पण त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तर त्या इस्त्रीची साडी तशीच नेसून बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या. नानांनी मला खुणेनेच सांगितलं, बोलू नकोस. मग त्याच म्हणाल्या, “मास्तरीणबाई, मला खुर्ची गेल्याचं काही नाही. बाक गेलं गं.”

मी त्यांना इतकं मोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी खरवईच्या अंगणवाडीच्या सेविकेने मात्र त्यांना रीतसर बोलावून घेतलं, पोरांची वजनं घ्यायला मदत हवी म्हणून. वरिष्ठांची परवानगीही तिनेच काढली. बाई पुन्हा आठवड्यातून एकदा जाऊ लागल्या. तिथे बाक नव्हतं, सतरंजी होती. खाली बसल्या की उठताना दोन पोरं त्यांना हाताला धरून ओढायची आणि त्या मुद्दाम जड व्हायच्या.

मग किडनीचं दुखणं निघालं. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. सिस्टर असल्यामुळे त्यांना सगळं कळत होतं, त्यामुळे आम्हाला खोटा धीर देता येत नसे. दवाखान्यात त्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला औषधं समजावून सांगत, नव्या नर्सच्या हाताला वळण लावत. मला त्या पोरीची दया यायची, पण ती म्हणायची, “मॅडम ओरडतात, पर सिखाती भी हैं.”

शेवटचं मी त्यांना भेटले ती दुपार मला लख्ख आठवते. मी अर्धी रजा टाकून गेले होते. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. नाना उशाशी बसून मोसंबं सोलत होते. मी हात हातात घेतला. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

“आज कुठला वार?”

“बुधवार, बाई.”

“मग शाळा नाही तुझी?”

“आहे. रजा काढून आले.”

“आणि वर्ग कोण बघतंय?”

“बाजूच्या बाईंना सांगून आलेय.”

“म्हणजे दोन वर्गांचं वाटोळं.” श्वास लागत होता, थांबून थांबून बोलत होत्या. “इथे नाना आहेत. डॉक्टर आहेत. तिथे कोण आहे? उद्या येऊ नकोस. रविवारी ये.”

मी रविवारी येते म्हटलं. निघताना त्यांच्या पायांवर चादर नीट केली आणि पुन्हा हात हातात घेतला. त्या पुन्हा डोळे मिटून पडल्या होत्या, पण माझी बोटं जरा दाबल्यासारखी मला वाटली.

गुरुवारी मी वर्गात होते. मराठीचा तास. खिडकीजवळची एक मुलगी उभी राहून धडा वाचत होती. ती नुकतीच आमच्याकडे आलेली, घरी दुसरी भाषा, जोडाक्षराशी येऊन थांबायची, ओठ हलवून बघायची आणि मग एकदम म्हणून टाकायची. शिपाई दारात आला. “बाई, ऑफिसात फोन होता,” म्हणाला, “नानांचा.” त्याच्या तोंडाकडे पाहून मला कळलं.

मुलगी वाचायची थांबली होती. तिने पुस्तकातल्या ओळीवर बोट तसंच ठेवलं होतं आणि माझ्याकडे बघत होती.

मी शिपायाला हाताने ‘येते’ अशी खूण केली. मग तिला म्हटलं, “वाच बाळा.”

तिने बोटाखालचा शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. धडा बराच मोठा होता. तिने तो शेवटपर्यंत वाचला.